वरचा की खालचा

मसोली, डहाणू रोड
१४ मे २०१९

प्रिय योगिता,

तुझा नंबर बंद लागतो. मेल पाठवला असता तर तू तो न उघडताच ठेवून दिला असतास, आणि त्यात तुझी काही चूक नसती. म्हणून पोस्टाने लिहितोय. सकाळपासून हे तिसरं बसणं. पहिल्यांदा तारीख लिहून उठलो. दुसऱ्यांदा तुझं नाव लिहिलं आणि चहा प्यायला म्हणून स्टेशनपर्यंत चालत गेलो, चहा न पिताच परत आलो. पावणेदहाला एक धक्का बसला, लहानसा, टेबलावरचा स्क्रूड्रायव्हर घरंगळून खाली पडला इतकाच. खाली दुकानातला माणूस आता उठतसुद्धा नाही. मी मात्र अजून दारात जाऊन उभा राहतो आणि जमीन थांबली तरी थोडा वेळ तिथेच राहतो. हल्ली माझं सगळंच असं झालंय. बसलो की उठावंसं वाटतं, उठलो की कुठे जायचं ते कळत नाही.

ऑफिस तसंच आहे. मनिषभाईंनी नवा पंखा घेतला, तो जुन्यापेक्षा जास्त आवाज करतो. फुगे बनवणाऱ्या कारखान्याचं टायमरचं काम परत मिळालं. तुझी खुर्ची कोणी घेतलेली नाही. तुझी निळी वही खणात होती, ती मी एप्रिलमध्ये बाहेर काढली आणि पहिल्या पानापासून वाचली. नावांचीच वही. एका बाजूला मी ठेवलेलं नाव, दुसऱ्या बाजूला तू सुचवलेलं, आणि मध्ये तुझ्या बारीक अक्षरात कारण.

तू २०१६ च्या जूनमध्ये आलीस तेव्हा मी इथे दोन वर्षं काढली होती आणि स्वतःला फार मोठा समजत होतो. चिकूवाड्यांमधल्या पाण्याच्या मोटरींसाठी आपण कंट्रोलर बनवायचो. तयार ऑपरेटिंग सिस्टिम आपल्या स्वस्तातल्या चिपला पेलायची नाही, लाइट गेली की अडकून बसायची, म्हणून आपली आपणच छोटी लिहायची असं ठरलं. मनिषभाईंनी विचारलं होतं, 'योगिताबेन, हा ऑपरेटिंग सिस्टिम म्हणजे डब्यामध्ये नक्की काय करतो?' तू सांगितलंस की डबा एक, त्यात कामं दहा, कोणी कधी उठायचं, कोणी थांबायचं आणि कोणी कोणाला हाक मारायची हे ठरवणारी ती व्यवस्था. त्यांना लगेच कळलं. मी सहा महिने समजावत होतो.

पहिल्याच आठवड्यात तू माझा कोड उघडून विचारलंस, 'हा हँडलर काय हाताळतो?' मी म्हटलं, बरंच काही. 'मग त्याचं नाव बरंच काही असं ठेव,' तू म्हणालीस, अगदी गंभीरपणे. त्याच दिवशी तू मोजून दाखवलंस की ऑफिसात माणसं तीन आणि कोडमध्ये मॅनेजर चार, आणि चौघांपैकी एकही काय करतो ते नावावरून सांगता येत नाही. मनिषभाई हसले. मला राग आला होता. नावात काय आहे, मशीनला काय फरक पडतो, असं मी म्हणालो. मशीनला नाहीच पडत, तू म्हणालीस, पण मशीन बिघडल्यावर फोन मशीन करत नाही.

तो फोन खरोखरच आला. बोर्डीकडच्या वाडीतून, राखणदाराची बायको रूपी. तिच्या आठवीतल्या मुलीने डब्याच्या पडद्यावरची इंग्रजी ओळ वाचून दाखवली होती आणि रूपी इतकी घाबरली होती की तिला धड बोलता येईना. पडद्यावर आलं होतं, 'चाइल्ड किल्ड'. एका कामातून निघालेल्या दुसऱ्या कामाला आपल्या धंद्यात मूल म्हणतात आणि ते बंद केलं की मारलं म्हणतात. कॉलेजात आम्ही हे शब्द शंभर वेळा लिहिले होते. पोटची मुलगी शेजारी उभी असताना ते पडद्यावर वाचणाऱ्या बाईला कसं वाटेल, याचा विचार मी कधी केला नव्हता. तू फोन घेतलास आणि पंधरा मिनिटं तिच्याशी बोललीस. मग खाली ठेवून मला एवढंच म्हणालीस, 'आज बदलू.'

त्या दिवसापासून तुझे नियम मी मान्य केले. एका भागाला एकच नाव, आणि एक नाव एकाच भागाला. नावातून तो काय करतो ते कळलं पाहिजे. कोडमध्ये जे नाव तेच पडद्यावर, तेच फोनवर. आणि शेवटची परीक्षा तुझ्या आईची. जेवणाच्या सुट्टीत तू घरी वेवजीला फोन लावायचीस, शेतातून नुकत्याच आलेल्या रखमीमावशींना नाव सांगायचीस आणि विचारायचीस, हा काय करत असेल? त्यांना सांगता आलं तर नाव पास. बाकीच्या भागांवर नजर ठेवून, कोणी निपचित पडला तर सगळ्यांना हलवून पुन्हा उठवणाऱ्या भागाला मी 'वॉचडॉग' म्हणत होतो, सगळं जगच म्हणतं. त्यांनी विचारलं, तो चावतो का? मग तू 'जागल्या' म्हणालीस आणि त्या लगेच म्हणाल्या, म्हणजे गाव झोपल्यावर जागा असतो तो. पास. मला हेवा वाटायचा, खरं सांगतो. मी पुस्तकं चाळून नावं शोधायचो आणि तू एक फोन करून.

मग २०१८ चा नोव्हेंबर आला आणि जमीन हलायला लागली. पहिले काही दिवस आपण त्याची चेष्टा केली. डिसेंबरात चेष्टा संपली. तुमच्याकडे तलासरीच्या बाजूला माणसं घराबाहेर ताडपत्री बांधून राहायला लागली. मुंबईच्या एका संस्थेने मनिषभाईंना विचारलं, अंगणवाड्यांसाठी घंटेचा डबा करता येईल का? जमिनीची पहिली बारीक थरथर पकडायची आणि मोठा हिसका येण्याआधी घंटा वाजवायची. मिळाले तर मध्ये दोन सेकंद मिळतात. दोन सेकंदांत काय होतं, मी विचारलं होतं. तू उठून खुर्चीपासून दारापर्यंत चाललीस, लहान मुलाच्या पावलांनी, आणि दोन म्हणेपर्यंत उंबऱ्यावर होतीस. थरथर ऐकणाऱ्या भागाला तू नाव दिलंस, 'भुईकान'. त्या दिवशी आईला फोन करायचीही गरज नाही असं मीच म्हणालो. जानेवारीअखेर बारा अंगणवाड्यांत बारा डबे लागले.

आता पुढचं. यातलं काही तुला माहीत आहे, काही नाही. जे नाही त्यासाठीच तीनदा बसावं लागलं.

फेब्रुवारीत तुमच्या घराची मागची भिंत फाटली आणि तू दहा दिवस रजेवर गेलीस. त्यातल्या चौथ्या दिवशी संस्थेचे साहेब पाहणीला आले. डबे त्यांना आवडले. पडदा बघून मात्र हसले. भुईकान, जागल्या, हे काय आहे? आणखी साठ डबे घ्यायचे तर हे मोठ्या लोकांसमोर मांडावं लागेल, तिथे असली गावठी नावं बरी दिसणार नाहीत, असं म्हणाले. आणि मग मला म्हणाले की मुंबईत ते मांडायला तुम्हीच या. योगिता, मी तेव्हा तुझी वही उघडून त्यांच्यासमोर ठेवायला हवी होती. रूपीचा फोन सांगायला हवा होता. मला मात्र त्या क्षणी त्या नावांची लाज वाटली. तीन वर्षं तुझ्या बाजूने भांडल्यासारखं करत होतो, आणि एका इस्त्रीच्या शर्टापुढे पाच मिनिटंही टिकलो नाही. त्याच दुपारी मी नावं बदलली. जागल्याचं झालं 'सेल्फ मॉनिटर', भुईकानाचं 'सेन्सर मॉनिटर'. पडद्यावर दहाच अक्षरं मावतात, म्हणून मी दोन्ही आखूड केली. दोन्ही दिसायला लागली 'एस मॉनिटर'. एकाखाली एक, तंतोतंत सारखी. मला ते दिसलं होतं. नंतर बघू म्हटलं आणि बाराही डब्यांना नवा कोड पाठवून दिला. तू परत आल्यावर सांगणार होतो. तू आलीस तेव्हा इतकी दमलेली होतीस की मी उद्यावर ढकललं, आणि रोज उद्यावर ढकलत राहिलो.

मार्चमधल्या त्या गुरुवारी तू वापीला सुटे भाग आणायला गेली होतीस. सव्वाअकराला तुला अंगणवाडीतून सेविका तानीताईंचा फोन आला. बॅटरी उतरल्यामुळे डबा पुन्हा पुन्हा बंद होऊन सुरू होत होता, दर मिनिटाला चिरकत होता आणि पोरं रडत होती. तू बरोबरच सांगितलंस, संध्याकाळी बॅटरी येईपर्यंत जागल्या बंद करा, घंटेला काही होणार नाही. त्या म्हणाल्या, जागल्या इथं नाही, दोन ओळी आहेत आणि दोन्ही सारख्याच. तू मला फोन लावलास. तू रागावली नव्हतीस. नावं कधी बदलली, एवढंही विचारलं नाहीस. 'यातला जागल्या कुठला, वरचा की खालचा?' एवढंच. मी टायमरच्या बोर्डावर सोल्डरचे डाग देत होतो. मान वर न करता म्हणालो, 'खालचा. नेहमीचाच.'

पूर्वी जागल्या खालीच असायचा. पण पडद्यावरची नावं इंग्रजी अक्षरांच्या क्रमाने लागतात हे तू आणि मीच ठरवलं होतं, आणि नवी पूर्ण नावं दिल्यावर, सेल्फ आधी आणि सेन्सर नंतर, तो क्रम उलटला होता. आता वर जागल्या होता आणि खाली भुईकान. तानीताईंनी तू सांगितलं तसं खालचा बंद केला. चिरकणं थांबलं नसेल, पण त्या परत फोन करणाऱ्यातल्या नाहीत. तू सांगितलंय म्हणजे थोड्या वेळाने थांबेल असं त्यांना वाटलं असणार.

इथपर्यंत तुला माहीत आहे, किंवा तू ओळखलं असशील. पुढचं मी कोणालाच सांगितलेलं नव्हतं. डाग देऊन झाल्यावर, बारा वाजायच्या सुमारास, माझ्या मनात खटकलं. मी कोड उघडला आणि क्रम बघितला. म्हणजे धक्का बसायच्या आधी पाऊण तास मला माहीत होतं. मी तानीताईंना एकदा फोन लावला. लागला नाही, तिकडे रेंज कधी असते कधी नसते. तुला लावायला हवा होता. तू वापीहून अंगणवाडीत कोणालाही पाठवलं असतंस, गावातल्या चार जणांचे नंबर तुझ्याकडे होते. फोन हातात घेतला होता मी. पण मग सांगावं लागलं असतं की मी न बघता उत्तर दिलं, आणि त्याआधी न विचारता नावं बदलली, आणि का बदलली. जेवून करू, असं म्हणालो. डब्यात वालाची भाजी होती, ती मी खाल्ली. पावणेएकला जमीन हलली.

बाकी अकरा घंटा वाजल्या. तिथली वाजली नाही. पोरं खिचडी खात होती. तानीताईंनी घंटेविनाच त्यांना बाहेर काढलं, शेवटचं पोर दारातून ढकलताना कौलांसकट वासा त्यांच्या उजव्या हातावर आला. दोन ठिकाणी मोडला.

दुसऱ्या दिवशीची मीटिंग मी रोज बघतो. संस्थेचे साहेब, मनिषभाई, तू, मी. साहेबांनी विचारलं, बाईंना खालचा बंद करा असं कोणी सांगितलं? तू म्हणालीस, 'मी.' एवढंच. मग तू माझ्याकडे बघितलंस, एकदाच, रागाने नाही. बोलायला जागा करून दिल्यासारखं. मी टेबलाकडे बघत राहिलो. साहेब म्हणाले की असली नाजूक कामं शिकलेल्या माणसांनीच करावीत, आणि मला कळलं की माझी पदविका आणि तुझी पदविका एकाच कॉलेजची आहे हे बोलायची ती वेळ होती. तीही मी घालवली. संध्याकाळी तू राजीनामा दिलास. मनिषभाईंनी तो घेतला, कारण साठ डब्यांचं काम अडकलं होतं. ते काम तरीही गेलंच.

एप्रिलच्या शेवटच्या रविवारी मी वेवजीला आलो होतो. दुकानात विचारत विचारत तुमच्या घरी पोचलो. तू नव्हतीस, वापीत मोबाइल दुरुस्तीच्या दुकानात लागली आहेस असं कळलं. रखमीमावशी अंगणात होत्या. एवढी वर्षं फोनवर त्यांचा आवाज ऐकला, पण त्यांनी मला कधी बघितलं नव्हतं. मी नाव सांगितलं नाही. ऑफिसातून आलोय, एवढंच म्हणालो. त्यांनी पाणी दिलं. भिंतीला नवा लिंपलेला भाग ओला होता, त्याकडे बघत म्हणाल्या, 'पोरीनी कामावर काय तरी चुकीचा सांगला, म्हणून गेला तिचा काम. मला नाय पटत. ती शब्द तोलून बोलते.' मग मला विचारलं, 'तू होतास काय रे तिथं?' मी म्हणालो, मी दुसऱ्या खात्यात असतो. तीन माणसांच्या ऑफिसात दुसरं खातं. परत येताना उधव्याच्या रस्त्याला गाडी थांबवून मी किती वेळ उभा होतो ते आठवत नाही.

त्यानंतर मात्र थांबता येईना. गेल्या आठवड्यात बाराही अंगणवाड्यांत स्वतः जाऊन मी तुझी नावं परत घातली, आणि प्रत्येक ठिकाणी सेविकेला वाचायला लावून, कोण काय करतो ते तिच्याच तोंडून वदवून घेतलं. तानीताईंकडे शेवटी गेलो. हातात सळई आहे, हंडा उचलता येत नाही. त्यांना सगळं सांगितलं, बारा वाजताचंसुद्धा. त्या डाव्या हाताने तांदूळ निवडत होत्या. मला वाटलं हाकलून देतील. म्हणाल्या, 'हात मोडला तो मोडला. पण त्या पोरीला मी दोन महिने शिव्या घातल्या. त्या आता कुठं ठेवू?'

आता हे पत्र आजच का, ते सांगतो. काल पुण्याच्या एका कंपनीचा मेल आला. तू तिथे अर्ज केलायस, हॉस्पिटलच्या यंत्रांच्या ऑपरेटिंग सिस्टिमवरचं काम आहे, आणि तुझी मुलाखत २४ तारखेला आहे. त्यांनी आधीच्या ठिकाणाहून माहितीचा फॉर्म मागवलाय. मनिषभाईंनी तो माझ्याकडे सरकवला, 'तूच भर, तू तिच्याबरोबर होता.' नोकरी का सोडली, त्यांच्या कामामुळे कोणाला इजा झाली का, असे प्रश्न आहेत. मी तिथे सगळं लिहिलं. नावं कोणी बदलली, खालचा कोणी म्हटलं, बारा वाजता कोणाला कळलं आणि कोण जेवायला बसलं. छापून मनिषभाईंना वाचायला दिलं. त्यांनी दोनदा वाचलं आणि म्हणाले, 'आ तू अत्यारे कहे छे?' हो, आत्ता सांगतोय, मी म्हणालो. माझ्या नोकरीचं ते उद्या बोलणार आहेत, ते काय व्हायचं ते होईल. फॉर्म मात्र गेला, आणि त्याची प्रत या पाकिटात आहे, म्हणजे मुलाखतीत तुला कोणी त्या गुरुवारबद्दल विचारलं तर तू एकटीने उत्तर द्यायची वेळ येणार नाही. माफी मागायला हे लिहिलेलं नाही, ती मागण्याइतकं अजून मी काही केलेलं नाही. फॉर्मच्या शेवटी एक प्रश्न होता, या व्यक्तीबरोबर तुम्ही पुन्हा काम कराल का? त्यापुढे मी 'हो' लिहिलं, आणि खाली जागा उरली होती तिथे लिहिलं, माझ्याबरोबर ती करेल का, असा प्रश्न असायला हवा होता.

तुझ्या शेजारच्या टेबलावरचा,
रूपेश